टायटल ब्लॉकमधलं नाव

फर्स्ट इयरला आल्यावर आपण सगळ्यात आधी काय शिकतो? इंटिग्रेशन नाही आणि प्रोग्रॅमिंगही नाही. मिनी ड्राफ्टर बोर्डाला घट्ट आवळायचा, शीट क्लिपांनी ताठ बसवायची, चारही बाजूंनी मार्जिन मारायची आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक आखायचा. त्यात ठरलेले रकाने असतात. ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. कंपनीची शीट असेल तर रिव्हिजनचा तक्ताही असतो, म्हणजे मूळ चित्रात कधी काय बदललं याची नोंद. पहिल्या रकान्यात आपण आपलं नाव टाकतो आणि उरलेल्या सह्यांसाठी सबमिशनच्या आठवड्यात केबिनबाहेर रांग लावतो. एवढ्याशा चौकटीकडे कोण कशाला निरखून बघतंय!

मी बघायला लागलो तो सिनेमाच्या वेडापायी. सिनेमा संपल्यावर नावांची पट्टी सुरू झाली की कॉमन रूममधली मंडळी उठतात आणि मी तसाच बसून राहतो. एम.जी.एम. कंपनीचे जुने हॉलिवूडपट बघताना एक नाव सारखं समोर येऊ लागलं. सिनेमा कुठलाही असो, प्रेमकथा, ऐतिहासिक, संगीतप्रधान की टारझनचा, कलादिग्दर्शक एकच. सेड्रिक गिबन्स. एका माणसाने एवढे सिनेमे केले तरी कधी, हा प्रश्न माझ्यातल्या मेकॅनिकलवाल्याला छळू लागला आणि मी त्याच्या मागे लागलो. या माणसाचं अख्खं आयुष्य वर सांगितलेल्या तीन रकान्यांत मावतं, असं माझं मत झालंय. ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेखप्रपंच.

गिबन्सचं नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. पण त्याने काढलेली एक आकृती तुम्ही शंभर टक्के पाहिली आहे. ऑस्करची बाहुली! तो उभा सोनेरी योद्धा, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली तलवार, पायाखाली फिल्मचं रीळ. ती गिबन्सची.

ऑस्टिन सेड्रिक गिबन्सचा जन्म २३ मार्च १८९० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. बऱ्याच जुन्या कोशांत मात्र १८९३ आणि आयर्लंडमधलं डब्लिन असं छापलेलं सापडतं. म्हणजे टायटल ब्लॉकमधला गोंधळ जन्मापासूनच! वडील मूळचे आयरिश, व्यवसायाने आर्किटेक्ट. पोरगा न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या संस्थेत चित्रकला शिकला आणि वडिलांच्याच ऑफिसात ज्युनियर ड्राफ्ट्समन म्हणून बसला. सुरुवात अगदी आपल्यासारखी. दुसऱ्याच्या इमारतीचे प्लॅन आणि एलेव्हेशन काढायचे आणि आपलं नाव पहिल्या रकान्यात टाकायचं.

१९१५ च्या सुमाराला तो सिनेमात आला तो एडिसनच्या स्टुडिओत. हो, तोच बल्बवाला एडिसन. त्याची सिनेमे काढणारी कंपनी होती आणि तिथे ह्यूगो बॅलिन या चित्रकाराच्या हाताखाली गिबन्सने उमेदवारी केली. त्या काळी सिनेमाचा सेट म्हणजे बहुतेक वेळा आपल्या गॅदरिंगच्या नाटकासारखा मामला असायचा. मागे कापडावर रंगवलेली भिंत, भिंतीवर रंगवलेली खिडकी. कॅमेरा हलला की सगळं सपाट दिसायचं. आर्किटेक्टच्या घरातून आलेल्या पोराला हे खटकणारच. खोली दाखवायची तर खोली बांधायची, खांबाला जाडी पाहिजे, जिन्याला पायऱ्या पाहिजेत, सामान खरं पाहिजे, या बाजूने जे कलादिग्दर्शक उभे राहिले त्यांत गिबन्स होता. १९१८ मध्ये तो गोल्डविन कंपनीत गेला. १९२४ साली मेट्रो, गोल्डविन आणि मेयर या तीन कंपन्या एकत्र होऊन एम.जी.एम. तयार झाली आणि गिबन्स तिच्या कलाविभागाचा प्रमुख झाला. पुढची बत्तीस वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. गिबन्सच्या करारात एक कलम होतं. एम.जी.एम.चा जो सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित होईल त्याच्यावर कलादिग्दर्शक म्हणून त्याचं नाव लागलंच पाहिजे. झालं! १९३० च्या दशकात ही कंपनी आठवड्याला साधारण एक सिनेमा बाहेर काढत होती. असं करत करत त्याच्या नावावर सुमारे १५०० सिनेमे जमा झाले. यातल्या दीडशेच्या आसपास सिनेमांतच त्याचा स्वतःचा हात प्रत्यक्ष लागला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दहातला एक.

हे वाचून पहिल्यांदा माझं डोकं फिरलं होतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक जण राबतो आणि रिपोर्टवर चौघांची नावं झळकतात, तसलाच प्रकार वाटला. कुणी म्हणेल, हा तर सरळ सरळ फुकटा! पण त्या विभागाचं काम कसं चालायचं ते वाचत गेलो तसं चित्र जरा बदललं. प्रत्येक सिनेमाला एक वेगळा कलादिग्दर्शक नेमलेला असायचा. पटकथा वाचून तो कच्ची स्केचेस काढायचा. त्याखाली ड्राफ्ट्समन, मॉडेल बनवणारे, सुतार, रंगारी, पडदे आणि फर्निचर बघणारे, अशी मोठी फौज. गिबन्सकडे स्केचेस यायची आणि तिथून पास झाल्याशिवाय एक खिळाही ठोकला जायचा नाही. इतक्या वेगवेगळ्या हातांनी केलेलं काम पडद्यावर एकाच घरचं दिसायचं ते यामुळे. वडिलांच्या ऑफिसात तो ड्रॉन बाय होता. एम.जी.एम.मध्ये तो अप्रूव्ह्ड बाय झाला. या दोन्ही कामांना कष्ट लागतात, पण ते एकच काम नव्हे. पडद्यावर मात्र अप्रूव्ह्ड बायचं नाव वर आणि ड्रॉन बायचं त्याच्या खाली. काही वेळा ते दुसरं नाव दिसायचंच नाही.

त्याची नजर पक्की होती याबद्दल मात्र दुमत नाही. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटीच्या आधुनिक कलांचं एक प्रचंड प्रदर्शन भरलं होतं. ज्या शैलीला पुढे आर्ट डेको हे नाव पडलं ती तिथून जगभर पसरली. सरळ रेषा, भूमितीचे आकार, चकचकीत पृष्ठभाग, नक्षीला रजा. मुंबईतला मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारती आठवा, त्याच घराण्यातल्या आहेत. गिबन्सच्या विभागाने ही शैली १९२८ च्या 'अवर डान्सिंग डॉटर्स'मध्ये थाटात वापरली. १९३२ च्या 'ग्रँड हॉटेल'मध्ये हॉटेलची भलीमोठी गोलाकार लॉबी उभारली. मधोमध गोल काउंटर, खाली काळ्या-पांढऱ्या नक्षीची फरशी. कॅमेरा वरून बघो की भोवती फिरो, कुठूनही सेट उघडा पडत नाही. १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातलं चक्रीवादळ म्हणजे सुमारे ३५ फूट लांबीचा मलमलीचा निमुळता नळा होता! वरून टांगून तो फिरवला आणि धूळ उडवून वादळ उभं केलं. ही करामत आर्नल्ड गिलेस्पी याची. हा गडी आधी गिबन्सच्याच कलाविभागात होता.

तर आता बाहुलीकडे येऊ. एम.जी.एम.चा मालकवजा प्रमुख लुई मेयर याच्या डोक्यातून सिनेमावाल्यांची अकादमी काढायची कल्पना निघाली. १९२७ मध्ये ती स्थापन झाली. संस्थापक ३६ जण, त्यांत गिबन्स एक. ११ मे १९२७ ला लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात जंगी जेवण झालं. तिथेच गिबन्सने टेबलावरच्या कापडावर बाहुलीचं पहिलं स्केच काढलं, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवू. पुरस्काराची आकृती त्याने काढली, एवढं अकादमीच्या दप्तरीच आहे.

आकृतीत काय आहे बघा. एक ताठ उभा योद्धा. अंगावर नक्षी नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत, केसांची एक बट नाही. तलवार सरळ खाली. पायाखालच्या रिळाला पाच आरे, कारण सुरुवातीला अकादमीच्या शाखा पाच होत्या. नट, दिग्दर्शक, निर्माते, लेखक आणि तंत्रज्ञ. या पाचांत तंत्रज्ञांचा एक आरा आहे, याचं मला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून बरं वाटतं. बाकी आकृतीत काढून टाकण्यासारखं काही शिल्लकच नाही. यातलं काय कमी केलं तर चालेल, असं व्हायवाला विचारलं तर उत्तर सुचणार नाही.

पण कागदावरच्या आकृतीला पाठ नसते. पोटरी मागून कशी दिसेल, खांद्याचा उतार किती, तलवारीची मूठ बोटांत कशी बसेल, हे सगळं ठरवावं लागतं तेव्हा कुठे तिचा पुतळा होतो. ते काम जॉर्ज स्टॅन्ली नावाच्या तरुण शिल्पकाराला दिलं. जन्म १९०३ चा, म्हणजे तेव्हा पंचविशीच्या आसपासचा पोरगा. लॉस एंजेलिसच्या ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकलेला. गिबन्सचं टू-डी त्याने थ्री-डीत आणलं. आपण एकाच वस्तूचे फ्रंट, टॉप आणि साइड असे तीन व्ह्यू काढतो, तेव्हा तिसरा व्ह्यू किती घाम काढतो ते आपल्यालाच माहीत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेसमोर १९३४ साली उभारलेलं खगोलशास्त्रज्ञांचं एक स्मारक आहे. त्यावरचा न्यूटनचा पुतळा याच स्टॅन्लीचा. न्यूटनलाही घडवणारा आणि ऑस्करलाही घडवणारा माणूस एकच, पण क्विझमध्ये त्याचं नाव विचारलं तर ऑडिटोरियम गप्प बसेल. गिबन्सचं नाव निदान सिनेमावाल्यांना ठाऊक असतं.

पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. जेमतेम २७० माणसं, तिकीट पाच डॉलर, आणि बक्षीस वाटप पंधरा मिनिटांत खल्लास. आपल्या गॅदरिंगच्या समितीने नोंद घ्यावी! त्या वर्षी कलादिग्दर्शनाची बाहुली विल्यम कॅमेरॉन मेन्झीस याला मिळाली. बाहुलीचा जनक यादीतच नव्हता. पुढच्या खेपेला, एप्रिल १९३० मध्ये, 'द ब्रिज ऑफ सॅन लुई रे'साठी ती गिबन्सच्या हाती आली. स्वतः काढलेली वस्तू बक्षीस म्हणून स्वतःलाच मिळण्याचा तो पहिला योग. त्यानंतर असे आणखी दहा योग आले. एकूण ३९ नामांकनं आणि ११ बाहुल्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 'गॅसलाइट', 'लिट्ल विमेन', 'ॲन अमेरिकन इन पॅरिस', 'ज्युलिअस सीझर' ही त्यांतली काही नावं. पुढच्या वर्षांत या बक्षिसांवर त्याच्या जोडीने त्या त्या सिनेमाच्या खऱ्या कलादिग्दर्शकाचं नाव येऊ लागलं. 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'वर प्रेस्टन एम्स, 'लिट्ल विमेन'वर पॉल ग्रोस. ड्रॉन बायचा रकाना हळूहळू भरू लागला म्हणायचा.

खाजगी आयुष्यातही माणूस थाटात राहिला. १९३० मध्ये त्याने मेक्सिकोची प्रसिद्ध अभिनेत्री डोलोरेस डेल रिओ हिच्याशी लग्न केलं आणि त्याच सुमाराला सांता मोनिकाला सेटसारखंच आधुनिक घर बांधलं. १९४१ ला ते लग्न मोडलं. १९४४ साली हेझल ब्रुक्स या अभिनेत्रीशी त्याने दुसरं लग्न केलं. मध्यंतरी १९३४ साली 'टारझन अँड हिज मेट' या सिनेमावर दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव लागलं. त्यातही बरंचसं चित्रीकरण जॅक कॉनवे याने केलं होतं आणि पडद्यावर नाव मात्र एकट्या गिबन्सचं! नशीबच तसं होतं म्हणा.

दरम्यान बाहुलीच्या रिव्हिजनच्या तक्त्यात नोंदी पडत होत्या. पहिल्या बाहुल्या भरीव ब्राँझच्या, वरून सोन्याचा मुलामा. काही वर्षांतच ब्राँझ सोडून ब्रिटानिया मेटल आलं. हा कथलाचा मिश्रधातू, थोडं अँटिमनी आणि तांबं घातलेला. कमी तापमानाला वितळतो, साच्यात बारकावे छान उतरतात. १९३५ ला चिमुरड्या शर्ली टेंपलला मिळाली ती लहान आकाराची बाहुली. १९३८ मध्ये शब्दभ्रमकार एडगर बर्गन याला तर तोंड उघडझाप करणारी लाकडी बाहुली दिली, कारण त्याचा सगळा धंदाच लाकडी बाहुल्याला बोलतं करण्याचा. १९३९ ला वॉल्ट डिस्नेला 'स्नो व्हाइट'साठी एक मोठी आणि तिच्या शेजारी सात छोट्या बाहुल्या मिळाल्या, सात बुटक्यांच्या. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा तीन वर्षं चक्क प्लॅस्टरच्या रंगवलेल्या बाहुल्या वाटल्या आणि युद्धानंतर त्या धातूच्या बदलून दिल्या. १९४५ चा विजेता नट बॅरी फिट्झजेराल्ड घरात गोल्फचा सराव करत होता, एक फटका चुकला आणि त्याच्या प्लॅस्टरच्या बाहुलीचं मुंडकं उडालं. ब्रिटल मटेरियल आणि इंपॅक्ट लोड, आणखी काय! गिबन्सला 'गॅसलाइट'साठी बक्षीस मिळालं तो समारंभही हाच.

१९५६ साली गिबन्स निवृत्त झाला. त्याची अकरावी बाहुली, 'समबडी अप देअर लाइक्स मी'साठीची, मार्च १९५७ च्या समारंभात जाहीर झाली तेव्हा त्याने खुर्ची सोडलेली होती. २६ जुलै १९६० रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो वारला. वय सत्तर.

माणूस गेला, रिव्हिजन चालू राहिली. इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

२०१६ मध्ये बाहुल्या बनवायचं काम न्यूयॉर्क राज्यातल्या पोलिक टॅलिक्स या फौंड्रीकडे गेलं. त्यांनी काय केलं, तर १९२९ ची एक मूळ बाहुली मिळवून तिचं डिजिटल स्कॅनिंग केलं. इतक्या वर्षांत साच्यावर साचे घेताना नाक, बोटं, रिळाच्या कडा बोथट झाल्या होत्या. ही झीज आपल्याला पॅटर्नमेकिंगच्या प्रॅक्टिकलला सांगतात तीच. स्कॅनवरून थ्री-डी प्रिंट, प्रिंटवरून साचा, साच्यातून मेणाची बाहुली, मेणावर सिरॅमिकचं कवच. ते कवच सुमारे ८७० अंश सेल्सियसला भाजलं की मेण वितळून जातं आणि आत पोकळी उरते. तिच्यात वितळलेलं ब्राँझ ओततात. मग घासून आरसा करायचा आणि २४ कॅरेट सोन्याचं इलेक्ट्रोप्लेटिंग. ५० बाहुल्यांच्या लॉटला तीन महिने लागतात. उंची साडेतेरा इंच, वजन साधारण ३.८५ किलो. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवर दहा मार्कांचा प्रश्न आला तर हे उदाहरण बिनधास्त ठोका. मुद्दा असा की नव्वदीला टेकलेल्या आकृतीला तंत्रज्ञानाने गाठलं ते तिच्यात सुधारणा करायला नव्हे, तर ती पहिल्यासारखी करायला.

याच्या उलट दिशेने निघाले चित्रकार. २०२१ मध्ये ९३ व्या समारंभासाठी अकादमीने जगभरातल्या सात कलावंतांना बोलावलं आणि सिनेमा तुमचा कोण लागतो या प्रश्नाचं उत्तर म्हणून बाहुली आपापल्या पद्धतीने नव्याने काढायला सांगितली. टेमी कोकर, पेट्रा एरिक्सन, करण सिंग, शॉना एक्स, मिशेल रॉबिन्सन, मॅग्नस व्हॉल मॅथियासन आणि मेक्सिकोची व्हिक्टोरिया व्हिलासाना, जिची ओळखच मुळी छायाचित्रांवर रंगीत धाग्यांनी भरतकाम करणारी अशी आहे. जरा वेळ काढून ही पोस्टर्स बघा. सोनेरी रंग सोडून बाकी सगळे रंग घुसलेत, पोत बदललाय, रेषांचा स्वभाव बदललाय. तरी दहा फुटांवरून क्षणात कळतं की हा ऑस्कर आहे.

अकादमीने न बोलावलेले कलावंतही आहेत. लॉस एंजेलिसमध्ये प्लॅस्टिक जीझस या टोपणनावाने वावरणारा एक रस्त्यावरचा कलावंत आहे. ऑस्करच्या मोसमात हॉलिवूडच्या फुटपाथवर रातोरात सोनेरी बाहुली आणून ठेवायची, ही त्याची रीत. २०१४ ची बाहुली दंडात सुई टोचून घेत होती. २०१५ ची गुडघे टेकून नाकाने पांढरी पूड ओढत होती. झगमगाटाखाली व्यसनाने किती माणसं खाल्ली ते त्याने, ज्या समारंभाला जग टाळ्या वाजवतं त्याच्याच दारात मांडलं. तलवार गेली, ताठपणा गेला, बाहुली रांगायला लागली, तरी ओळख पटते. उलट ओळख पटते म्हणून तर ते अंगावर येतं. मूळची ताठ उभी आकृती आपल्या डोक्यात नसती, तर ती वाकल्याचं दुःख कशाला झालं असतं?

बाहुलीची नक्कल करून धंदा करायला मात्र परवानगी नाही बरं का. अमेरिकेतल्या एका कंपनीने हातात चांदणी धरलेला तसाच सोनेरी माणूस बनवून बक्षिसांसाठी विकायला काढला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९१ मध्ये अपील कोर्टाने ऑस्करच्या आकृतीचा कॉपीराइट शाबूत असल्याचा निकाल दिला. आपल्याकडच्या ट्रॉफीच्या दुकानांत मांडलेले ते सोनेरी पुरुष बघितले की मला हा खटला आठवतो. हसू नका, आपल्या शॉर्ट फिल्म स्पर्धेची ट्रॉफी एकदा नीट निरखून बघा!

हे सगळं एकत्र ठेवल्यावर मला जे कळलं ते असं. कांस्य, कथील, प्लॅस्टर, लाकूड, धागा, ठिगळ, फुटपाथ, या सगळ्यातून जी आकृती ओळखता येते तिच्यात मुळात फार थोडं आहे. ज्याने १५०० सिनेमांवर कराराने आपलं नाव लावून घेतलं, त्याची सगळ्यात टिकाऊ निर्मिती म्हणजे चेहराही नसल्यात जमा असलेला एक माणूस. ते सिनेमे बघणारे आता थोडे. बाहुली बघणारे कोट्यवधी, आणि त्यांना तिच्या ड्रॉन बायचं नाव माहीत नाही. मला यात काव्यगत न्याय वगैरे म्हणवत नाही, कारण स्टॅन्लीच्या बाबतीत तो न्याय कुठे झाला? त्याला ना करार मिळाला ना पडद्यावरची पाटी. तो १९७० साली गेला.

या बाहुलीचं आपल्या मातीशीही नातं आहे. भानू अथैया कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९ चाच, म्हणजे पहिल्या बाहुल्या वाटल्या त्या वर्षीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत एप्रिल १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची आणि तीही पडद्यामागची! मिरजेच्या की मुंबईच्या शिंप्याने कुठला टाका घातला ते पडद्यावर कुणी वाचत नाही, पण कापड बघून काळ कळतो, असलं त्यांचं काम. २०१२ साली त्यांनी ती बाहुली अकादमीला परत सोपवली. आपल्यामागे ती नीट सांभाळली जावी, एवढीच काळजी होती. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या गेल्या. बाहुली सुखरूप राहावी म्हणून ती हातावेगळी करणाऱ्या भानूताई आणि प्रत्येक पाटीवर नाव धरून ठेवणारा गिबन्स, ही दोन माणसं शेजारी शेजारी ठेवली की मी बराच वेळ गप्प होतो.

गिबन्सला मी व्हिलन ठरवत नाही. अप्रूव्ह्ड बायची सही करायला हिंमत लागते, कारण सेट कोसळला तर जबाबदारीही त्याचीच असते. त्या सहीमागे बत्तीस वर्षांची नजर होती. पण त्या सहीखाली जे ड्राफ्ट्समन दबले त्यांच्यातला एक तो स्वतः कधीकाळी होता, एवढं त्याच्या करारात कुठेतरी दिसायला हवं होतं असं मला वाटतं. आणि हे फक्त हॉलिवूडचं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्यातले पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या डिझाइन ऑफिसात बसतील. पहिली काही वर्षं आपण काढलेल्या शीटवर दुसऱ्याचं नाव मोठं असेल. मग एक दिवस आपण सही करणाऱ्या खुर्चीत असू आणि समोर एखादा नवखा पोरगा शीट घेऊन उभा असेल. त्या दिवशी आपण कोण होतो ते आठवलं पाहिजे.

आमच्या प्रोजेक्टचं शाफ्टचं ड्रॉइंग ग्रुपमधल्या एकीने काढलंय. लेथवर तो शाफ्ट खराखुरा फिरवून दिला वर्कशॉपच्या मामांनी, तोही सुट्टीच्या दिवशी येऊन. रिपोर्टच्या ठरलेल्या नमुन्यात विद्यार्थ्यांची नावं, गाइडचं नाव आणि विभागप्रमुखांची सही एवढ्यालाच जागा आहे. म्हणून आम्ही ड्रॉइंग शीटवरच एक जादा रकाना आखलाय. मेड बाय. मामांना विचारून त्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलंय, सुवाच्य अक्षरात, बी.आय.एस.च्या लेटरिंगमध्ये. सर चेक करताना काय म्हणतात ते बघू.

— एक सिनेमावेडा, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी